‘पडले’ आणि ‘पडले आहेत’

तळेगावच्या दाभाडे घराण्यातील सेनापती त्रिंबकराव १७३१ साली डभईला, बाजीरावाविरुद्धच्या लढाईत पडले. वादाच्या ओघात मराठी इतिहासकार हेच ‘१७३१ साली सेनापती पडले आहेत, हे विसरता येणार नाही’ असेही लिहू शकतो. इंग्रजीत ही मुभा नाही. सालाचा निर्देश आला की साधा भूतकाळच योजावा लागतो, पूर्ण वर्तमानकाळ निषिद्ध ठरतो. उलट ‘आत्ताच आलो’ या साध्या भूतकाळासाठी ब्रिटिश इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळ वापरते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ मधील व्याकरणापासून इंग्रजी व्याकरणाची चौकट मराठीच्या परिचयाची झाली. काळांची नावे जुळली, कार्ये जुळली नाहीत. मराठी ‘आहे’ गतघटनेला आजच्या युक्तिवादात साक्षीस उभे करतो. भाषांतरात साल टिकते; ती साक्ष मात्र अन्य शब्दांनी भरून काढावी लागते.