साओ टोमेला जायचंय? आधी तिकीट नाही, लस बघा!

चॉकलेट, ज्वालामुखीचे डोंगर आणि गर्दी नसलेले समुद्रकिनारे. साओ टोमे अँड प्रिन्सिपे या देशाचे रील्स पाहून तिथे जावंसं वाटलं, तर नवल नाही. पण दुबई-बँकॉकसारखं 'स्वस्त तिकीट दिसलं, बुक केलं' असं इथे चालत नाही. या ट्रिपचं प्लॅनिंग नेमकं कुठून सुरू करायचं? समजून घेऊ.

हा देश आहे कुठे?

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, गिनीच्या आखातात. दोन मुख्य बेटं, क्षेत्रफळ सुमारे 1,000 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. गोव्यासारखीच इथेही पोर्तुगीजांची सत्ता होती. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला, तर हा देश 12 जुलै 1975 रोजी स्वतंत्र झाला. अधिकृत भाषा आजही पोर्तुगीज आहे. इंग्रजी सगळीकडे चालत नाही, त्यामुळे मोबाइलमध्ये ऑफलाइन भाषांतराची सोय करून ठेवा.

कसं पोहोचायचं?

भारतातून थेट विमान नाही. प्रामुख्याने पोर्तुगालमधल्या लिस्बनहून किंवा अंगोलातल्या लुआंडाहून जाता येतं. हा मार्ग निवडतानाच पुढची बरीच गणितं ठरतात.

लिस्बनमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं काढली आणि सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर विमानतळाबाहेर पडण्यासाठी शेंगेन व्हिसा लागेल. म्हणून शक्यतो संपूर्ण प्रवासाचं एकच तिकीट काढा. साओ टोमेच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकिटाचे पैसे भरण्याआधी सरकारी पोर्टलवर खात्री करा.

लसीचा एवढा बाऊ का?

कारण अडचण जाताना नाही, तर परत येतानाही होऊ शकते. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशांची भारत सरकारची यादी आहे आणि त्यात अंगोला आहे. अशा देशातून आल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लुआंडामध्ये फक्त विमान बदललं आणि विमानतळाबाहेर पडला नाहीत, तर सूट मिळू शकते. पण तो निर्णय आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. सुट्टी संपलेली असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रांवरच दिली जाते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी वैध होतं आणि मग आयुष्यभर चालतं. अंड्याची अ‍ॅलर्जी, गर्भधारणा किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही त्याच वेळी विचारा.

पैशांचं काय?

इथलं चलन डोब्रा. 1 युरो म्हणजे साधारण 24.5 डोब्रा, हा दर युरोशी बांधलेला आहे. यूपीआयची सवय इथे कामाची नाही आणि परदेशी कार्डांवरही विसंबून राहू नका. राहणं, जेवण, गाडी यांचा हिशेब करून पुरेसे रोख युरो न्या आणि थोडे जास्तीचे वेगळे ठेवा. वैद्यकीय सुविधा मर्यादित आहेत, त्यामुळे गरज पडल्यास दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्या.

कधी जावं, काय बघावं?

जून ते सप्टेंबर हा कोरडा काळ. स्थानिक त्याला 'ग्रावाना' म्हणतात. डोंगर चढायचे तर हेच दिवस बरे. समुद्री कासवं पाहायची असतील, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

साओ टोमे बेटावर पिको काओ ग्रांदे हा सरळ आभाळात घुसलेला सुळका आहे. विषुववृत्त रोलास बेटावरून जातं. प्रिन्सिपे बेटावर जायला देशांतर्गत विमान आहे. तिथल्या संडी मळ्यात 29 मे 1919 रोजी आर्थर एडिंग्टन यांनी सूर्यग्रहणाचे फोटो घेतले आणि आइनस्टाइनच्या सिद्धांताला भक्कम पुरावा मिळाला.

'रोसा' म्हणजे कोकोचे जुने मळे तर चुकवूच नका. पण फोटो काढताना एक लक्षात ठेवा. इथे वेठबिगारीने कोको पिकवला जायचा. त्याच कारणामुळे 1909 मध्ये ब्रिटनच्या कॅडबरीने इथला कोको घेणं थांबवलं होतं.

थोडक्यात, क्रम काय?

आधी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे का पाहा. मग मार्ग ठरवा, व्हिसाचे नियम तपासा, लस घ्या आणि त्यानंतरच तिकीट काढा. परतीच्या प्रवासात एक-दोन दिवस हाताशी ठेवा, कारण विमानं मोजकी आहेत आणि एक चुकलं तर दुसरं लगेच मिळेलच असं नाही. तिथले लोक 'लेवे-लेवे' म्हणतात, म्हणजे हळूहळू, निवांत. प्लॅनिंगलाही तेच लागू आहे.