बर्फाच्या समुद्राची शाळा

नारायणगडाच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाने बर्फाच्या समुद्राविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. बीड जिल्ह्यातील या धाकट्या पंढरीस वारीला माणसांचा समुद्र लोटतो. खारा समुद्र मात्र आमच्यापासून फार दूर, आणि पाण्याची चिंता असते ती ते नसल्याची. तरीही एका प्रश्नाचा माग मी बरीच वर्षे काढीत आलो आहे. जे संकट शिकणाऱ्याने कधी पाहिलेले नाही, आणि ज्यात पहिलीच चूक अखेरची ठरू शकते, ते त्याला शिकवावे तरी कसे?

शेतीत याचे उत्तर जुने आहे. नवा गोऱ्हा जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपावा. तास कसे धरावे हे तो आपोआप शिकतो. दर्यावर्दी लोकांचीही हीच रीत. कोकणातला पोर तांडेलाच्या हाताखाली राहून वारा ओळखावयास शिके. आगबोटींचा जमाना आला तेव्हा आमची माणसे खलाशी झाली, फार तर सारंग झाली. नकाशा आणि हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून विलायतेस निघाली. जहाज आपले झाले, पण अधिकारी कोठून आणावयाचे? 1923 साली नेमलेल्या समितीने शिक्षणजहाजाची शिफारस केली, आणि 1927 च्या डिसेंबरात ‘डफरिन’वर पहिली भारतीय मुले दाखल झाली.

‘डफरिन’ हे मूळचे 1904 सालचे सैन्यवाहू जहाज. माझगावच्या धक्क्यासमोर नांगर टाकून ते उभे असे. म्हणजे जहाज खरे, पण प्रवास नाही! समुद्राची ती एक प्रकारची नक्कलच होती, आणि तीतून चांगले कप्तान निपजले. 1972 साली तिची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि 1993 साली शाळा ‘चाणक्य’ या नावाने नवी मुंबईत चक्क जमिनीवर आली.

इकडे उत्तरेत निराळेच शास्त्र वाढत होते. 1898 साली रशियाच्या मकारॉव्ह नामक दर्यासारंगाच्या कल्पनेतून ‘येरमाक’ ही बर्फफोडी आगबोट इंग्लंडात बांधली गेली. अशी बोट बर्फ कापीत नाही. तिची उतरती नाळ बर्फावर चढते आणि बोटीच्या वजनाखाली थर मोडतो. थर जाड असला तर मागे सरून पुन्हा धडक द्यावयाची. मागे किती सरावे, वेग किती घ्यावा, मागून येणाऱ्या मालवाहू जहाजात अंतर किती राखावे, ही सारी विद्या हातांत मुरावी लागते. अंतर फार झाले तर फोडलेली वाट पुन्हा मिटते. कमी झाले आणि पुढची बोट अडकली, तर मागची तिच्यावर आदळते.

परंतु मुरलेली विद्याही दगा देते, हे 2007 साली दिसले. ‘एक्सप्लोरर’ हे प्रवासी जहाज 23 नोव्हेंबर रोजी अंटार्क्टिकाजवळ बुडाले. सुदैवाने 154 माणसे वाचली. लायबेरियाच्या चौकशीत असे आढळले की, कप्तान बाल्टिक समुद्रातला अनुभवी होता, पण अंटार्क्टिकाचा बर्फ त्याच्या ओळखीचा नव्हता. समोरचा बर्फ त्याला एका हिवाळ्याचा वाटला. प्रत्यक्षात तो जमिनीवरून आलेला, कितीतरी कठीण होता. काळ्या रानात जन्म घालविलेल्या औतकऱ्याने मुरमाड माळावर त्याच बेताने फाळ घालावा, तसे हे झाले. समुद्राच्या पाण्याचा पहिल्या वर्षीचा बर्फ खारट आणि त्यामानाने मऊ असतो. जुना होईल तसे त्यातले मीठ निथळून जाते आणि तो निळसर, टणक होतो. हिमनगाचे लहान तुकडे तर लाटांत रडारलाही चुकवितात.

येथे सिम्युलेटरचे काम सुरू होते. खोलीत जहाजाचा ब्रिज उभारलेला असतो, समोरच्या पडद्यांवर बर्फ, धुके, अंधार. शिक्षक बर्फाची जात बदलतो, इंजिन बंद पाडतो, पुढची बोट अचानक थांबवितो. विद्यार्थ्याचे जहाज अडकते, फुटते, आणि तो जेवायला घरी जातो. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा करून पाहण्याची मुभा त्याला असते. जाणत्या बैलाच्या जोडीने हे कधीच मिळत नाही, कारण जाणता बैल चूक होऊच देत नाही.

तथापि पडद्यावरच्या थंडीने बोटे बधिर होत नाहीत. उडालेल्या तुषारांचा बर्फ डेकवर साचून जहाज वरून जड झाले, की पायांना होणारी ती डगमग सिम्युलेटर पुरती देत नाही. म्हणूनच, 1 जानेवारी 2017 रोजी अमलात आलेल्या ध्रुवीय संहितेपाठोपाठ 1 जुलै 2018 पासून जे प्रशिक्षणाचे नियम लागू झाले, त्यांत वरच्या प्रमाणपत्रासाठी वर्गातल्या शिक्षणाखेरीज ध्रुवीय किंवा तत्सम पाण्यात निदान दोन महिन्यांची नोकरी मागितली आहे.

आमची खरी अडचण येथेच आहे. 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. 21 जण 9 जानेवारी 1982 रोजी तेथे पोहोचले, पण जहाज नॉर्वेचे, भाड्याचे. 1983 च्या मोहिमेत नागपूरच्या अदिती पंत गेल्या, तेव्हाही भारताजवळ स्वतःची बर्फफोडी आगबोट नव्हती. बर्फावर उतरणारी माणसे आपली, बर्फातून वाट काढणारे हात परक्यांचे, असा हा ‘लॉयल्टी’पूर्वीच्या काळासारखाच प्रकार. 2025 च्या डिसेंबरात ध्रुवीय पाण्यातील जहाजांवरील लोकांच्या प्रशिक्षणासाठी दिल्लीत रशियाशी करार झाला, ही गोष्ट म्हणूनच मला मोलाची वाटते.

मात्र करार म्हणजे शिक्षण नव्हे. सिम्युलेटर पैसे टाकून आणता येईल. ते दोन महिने विकत मिळत नाहीत. आमच्या मुलांना त्यासाठी कोणाच्या तरी डेकवर, जाणत्या कप्तानाशेजारी, खऱ्या थंडीत उभे राहण्याची जागा मिळाली पाहिजे. 1923 च्या समितीने मागितली होती तीही हीच जागा. ती मिळेपर्यंत नकली बर्फावर जहाजे फोडून घेण्यात कमीपणा नाही. खऱ्या बर्फावर फुटण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्तच.