उजेडाने घट्ट होणारं जिलेटिन : त्र्यंबकच्या फाळक्यांपासून छापलेल्या रक्तवाहिन्यांपर्यंत

दिवाळीत मोखाड्याला गेले होते. माझ्या मामाची उमर वीटभट्ट्यांवर गेली, आता चार पावलं चालला की धापा टाकतो. चहा पिताना त्याने विचारलं, "तुमच्या मशिनीवर फुफ्फुस छापतात म्हनं. मंग माझं कदी?"

मला नीट उत्तर देता येईना. "अजून वेळ आहे" हे उत्तर नव्हे. वेळ नेमका कशाला लागतोय, हे सांगायला इतिहासात शिरावं लागतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या कामाचं तत्त्व सोपं आहे. जिवंत पेशी मिसळलेलं पातळ द्रावण घ्यायचं आणि त्यावर थराथराने उजेडाचं चित्र पाडायचं. उजेड पडेल तिथे द्रावण घट्ट होतं, न पडेल तिथे पातळ राहतं. पातळ भाग धुऊन काढला की मागे पोकळी उरते, म्हणजेच नळी.

यातलं "उजेड पडेल तिथे घट्ट" हे अजिबात नवं नाही. १८५२ साली टॅलबॉटने दाखवलं की जिलेटिनमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट मिसळून उजेडात ठेवलं तर ते पाण्यात विरघळेनासं होतं. पुढच्या दशकात इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेने त्यावरून नकाशे छापले. मग ही विद्या आपल्याकडे आली. मुंबई इलाख्यातल्या अनेक जुन्या नकाशांच्या तळाशी पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक ऑफिसचं नाव असतं, ते याच घराण्यातलं.

मोखाडा सोडून घाट चढलं की त्र्यंबक. तिथे १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. सिनेमावाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते छपाईतले माणूस होते. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे शिकून पुढे लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठी त्यांनी फोटोलिथो ट्रान्सफर केले. त्या काळची रीत अशी : कागदावर डायक्रोमेट घातलेल्या जिलेटिनचा थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा, शाई फासायची आणि कोमट पाण्यात धुवायचा. ऊन लागलेलं जिलेटिन शाई धरून राहतं, बाकीचं वाहून जातं. उरलेलं चित्र दगडावर उतरवायचं. (१९१२ च्या सुमारास याच माणसाने वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन टिपली, ही माझी आवडती गोष्ट. पण तो विषय वेगळा.)

आता आमची प्रयोगशाळा बघा. जिलेटिन तेच, जनावरांच्या हाडा-कातड्यातल्या कोलॅजनपासून केलेलं. आपल्या शरीराचा सांगाडाही कोलॅजननेच धरून ठेवलेला असतो, म्हणून पेशी त्याला सहज चिकटतात. मग शंभर वर्षं कशात गेली? एक, डायक्रोमेट पेशींना विषारी. दोन, साधं जिलेटिन अंगाच्या ३७ अंश तापमानाला वितळतं. २००० साली बेल्जियममधल्या गेंटच्या गटाने जिलेटिनला मेथाक्रिलेटचे गट जोडले आणि ते उजेडाने कायमचं घट्ट व्हायला लागलं. २००९ मध्ये कोलोरॅडोत क्रिस्टी अ‍ॅन्सेथ यांच्या गटाने ही क्रिया सुरू करणारं, पेशींना झेपणारं रसायन वापरून दाखवलं. थरावर थर रचायची कल्पना जपानच्या हिदेओ कोडामांनी १९८१ मध्येच छापली होती. पेटंटचा अर्ज मात्र त्यांच्याकडून पुरा झाला नाही, आणि १९८६ चं पेटंट अमेरिकेच्या चक हल यांच्या नावावर लागलं. पीएचडीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खरी अडचण पुढे आहे. पेशी रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरपेक्षा लांब असली की ऑक्सिजनविना मरते. मोखाड्याच्या माणसाला हे समजावावं लागत नाही. वैतरणेचं पाणी धरणात अडतं, मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर येतो. मोठी पाइपलाइन असून भागत नाही, फाटे घरापर्यंत यावे लागतात. फुफ्फुसात श्वासनलिकेला असे सुमारे २३ वेळा फाटे फुटतात.

आणि फाटे छापताना उजेडच आडवा येतो. नळीचं छत घट्ट करायला टाकलेला उजेड खाली झिरपतो आणि नळीतलं पातळ द्रावणही घट्ट करतो. नळी बुजते. फाळक्यांच्या कागदावर थर एकच होता, त्यामुळे हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. २०१९ मध्ये राइस विद्यापीठातले जॉर्डन मिलर, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या केली स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी उपाय काढला. द्रावणात टार्ट्राझिन टाकलं, म्हणजे मिठाईत घालतात तो पिवळा रंग. तो निळा उजेड शोषतो, त्यामुळे उजेड हव्या त्या थरापाशीच थांबतो. नंतर रंग धुऊन जातो. त्यांनी हवेची पिशवी आणि तिच्याभोवती रक्तवाहिन्यांचं जाळं छापलं. पिशवी फुगवली-दाबली की वाहत्या रक्तपेशी ऑक्सिजन घेत होत्या. तो तुकडा नाण्याएवढा होता, आणि तो जिलेटिनचा नव्हता तर मुख्यतः कृत्रिम पॉलिमरचा. बातम्यांनी मात्र "फुफ्फुस छापलं" म्हटलं.

नाण्यापासून छातीपर्यंत जायला काय राहिलंय? नळीच्या आतून पेशींचं अस्तर अखंड बसायला हवं, नाहीतर रक्त गोठतं. सर्वांत बारीक केशवाहिन्या आमच्या प्रोजेक्टरच्या टप्प्यात नीट येत नाहीत. छापलेली नळी शरीरातल्या रक्तवाहिनीला टाके घालून जोडली तर ती दाब सोसायला हवी. माझा प्रबंध यातल्या पहिल्या प्रश्नाच्या एका कोपऱ्यावर आहे.

मामाला मी एवढंच सांगितलं, "तुझ्यासाठी नाही होणार रे. इनहेलर मात्र रोज घे, बरं वाटलं तरी सोडू नको."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यो पिवळा रंग लाडवातलाच का?"

"तोच," मी म्हटलं.