काळ्या दगडातील साक्ष

मेढ्याच्या भोवतीचा सह्याद्री ज्या काळ्या दगडाचा आहे, तो बसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. मेढा आज जवळजवळ १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पण हा दगड इथे थिजला नाही. हे कसे कळले?

१९१२ साली जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी खंड सरकतात असे मांडले. समोरासमोरचे किनारे जुळतात, दोन्हींकडचे जीवाश्मही सारखे आहेत, हे त्यांनी दाखवले. 'पण खंडांना ढकलते कोण?' याचे पटणारे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी कल्पना नाकारली. १९३० साली ग्रीनलंडच्या मोहिमेत वेगेनर वारले.

नवा पुरावा दगडांतून आला. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या जागेच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा टिपून ठेवतात. ही दिशा विषुववृत्ताजवळ आडवी, तर ध्रुवांकडे अधिकाधिक तिरपी असते. म्हणून तिरपेपणावरून दगडाचा मूळ अक्षांश काढता येतो. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग व सहकाऱ्यांनी दख्खनचा बसाल्ट असा तपासला. तो विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला थिजलेला निघाला. म्हणजे भारत उत्तरेकडे सरकला होता! पुढे सेशेल्सचा भूभाग भारतापासून तुटला आणि आपला पश्चिम किनारा घडला.

सागरतळ पसरतो हे १९६०च्या दशकात उमगले, तेव्हा हालचालीचे कारणही समजू लागले. कारण सापडत नाही म्हणून घटना खोटी ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला मेढ्याचा दगड पुरेसा आहे.