बाहुली चाचणी
कृष्णवर्णीय अमेरिकी मुलांच्या मनात वर्णभेद किती लवकर रुजतो, हे उघड करणारा मानसशास्त्रीय प्रयोग. केनेथ व मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने ३ ते ७ वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या : दोन तपकिरी, काळ्या केसांच्या, दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी साऱ्या सारख्याच. छान बाहुली म्हणून निम्म्याहून अधिक मुलांनी गोरी उचलली. वाईट दिसणारी म्हणून तपकिरी. शेवटी ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारताच काही मुले रडत खोलीबाहेर पळाली. हे रडणे आकड्यांहून बोलके आहे. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाचा दाखला दिला. तरी शाळांतील भेदभाव संपला नाही : कृष्णवर्णीयांच्या नैसर्गिक कुरळ्या केसांवरून शाळेत होणारा भेदभाव कायद्याने रोखणारे पहिले राज्य कॅलिफोर्निया. तेही २०१९ मध्ये.