मजल ठरते चुलीवर

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा माणसाच्या जिद्दीचा आणि यंत्राच्या करामतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुंबईहून १९२३ साली निघून १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे त्या इतिहासाचे नायक आहेत, आणि तो मान त्यांचाच आहे. पण छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालचे रस्ते पाहिले की या गोष्टीची दुसरी बाजू समोर येते. दोन हजार वर्षे वाहत्या असलेल्या या वाटांवर माणूस एका दिवसात किती जाईल हे त्याच्या पायांनी किंवा चाकांनी फारसे ठरवलेच नाही. पुढची चूल कुठे पेटते आणि पुढचे पाणी कुठे लागते, यावर ते ठरत आले. सायकलीने मजल लांबवली खरी, पण ती ठरवण्याचा अधिकार चुलीकडेच राहिला.

सर्वांत जुना पुरावा पैठणचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथात भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवले आहे. नकाशावर सरळ रेषेने मोजले तर पहिले अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि दुसरे दीडशेच्या. वाटेची वळणे आणि घाट धरले तरी दोन्हीकडे दिवसाला वीस किलोमीटरच्या आगेमागेच हिशोब येतो. गाडीला जुंपलेला बैल दिवसभरात याहून जास्त चालू शकतो. मग तो चालत का नाही? त्याला चरायला आणि रवंथ करायला वेळ लागतो म्हणून. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला १६३२ साली आग्रा–पाटणा वाटेवर चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. असे तांडे दिवसाला सहा-सात मैलांपलीकडे जात नाहीत, असे तो लिहितो. ही नोंद उत्तरेतली असली तरी दख्खनमधल्या मुघल फौजांना धान्य पुरवणारे लमाण याच रीतीने चालत. म्हणजे लाखोंच्या छावणीचा वेग अखेर बैलाच्या गवतावर येऊन थांबत होता.

अजिंठ्याच्या रस्त्यावर हे आजही डोळ्यांनी पाहता येते. शहरातून निघाल्यावर फुलंब्री, मग सिल्लोड, मग अजिंठा गाव, अशी ठाणी साधारण पंचवीस ते पस्तीस किलोमीटरच्या टप्प्याने लागतात. तिथून पुढे मात्र टप्पा एकदम आखूड होतो. घाटमाथ्यावर अजिंठ्याला एक सराई आणि घाट उतरला की पायथ्याशी फर्दापूरला दुसरी. सपाटीवर एवढ्या जवळ दोन सराया बांधणे म्हणजे पैशाचा अपव्यय ठरला असता, पण घाटात तो शहाणपणा होता. चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला माथ्यावर खायला लागते, चढणाऱ्याला चढाआधी पायथ्याशी. बांधणाऱ्यांनी अंतर कोसांत न मोजता थकव्यात आणि भुकेत मोजले, याहून उघड साक्ष दुसरी कोणती हवी?

यावर एक मोठा आक्षेप दौलताबादकडून येतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, हलवली. काही वर्षांनी त्या वाटेने आलेला इब्न बतूता सांगतो की दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता दुतर्फा झाडांनी सावलीत आहे आणि मैलामैलावर टपालाची ठाणी असून प्रवाशाला लागणारे सगळे तिथे मिळते. राजधानीच्या त्या स्थलांतराबद्दल इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो की वाटेच्या हालअपेष्टांनी अनेक लोक मेले. सोय असूनही लोक मेले, तर चुलीचे महत्त्व ते काय उरले? मला हा पुरावा उलट बाजूचाच वाटतो. ठाण्यावरची सोय येत्याजात्या प्रवाशांच्या मापाची असते. तिथे घरदार घेऊन निघालेली, म्हातारेकोतारे आणि लेकरे बरोबर असलेली गर्दी एकाच हंगामात आली, तर तेच ठाणे अपुरे पडते. माणसे वाढली, ताटे मात्र तेवढीच.

शहराचा नान-खलिया हा पदार्थ तुघलकाच्या फौजेबरोबर आला असे इथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. लिखित पुरावा म्हणून ही कथा पुढे करता येणार नाही. मात्र पदार्थाची घडण पाहिली तर ती छावणीला अगदी साजेशी आहे. एका भट्टीत शेकड्यांनी निघणारे, हातात धरून खाता येणारे आणि काही काळ टिकणारे नान, आणि एका मोठ्या देगेत सगळ्यांसाठी एकदम शिजणारा मटणाचा रस्सा. घरच्या चुलीवर चार माणसांसाठी असे रांधायला कोणी जाणार नाही.

पण माझ्या मते या विषयाची खरी साक्ष खाम नदीच्या काठावरची पाणचक्की देते. मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे हेच शहर, वसवली आणि नहरींनी शहराला पाणी दिले. त्याच विद्येवर पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस ही चक्की उभी राहिली. मध्य आशियातल्या गुजदवानहून आलेले नक्षबंदी सूफी बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाशी ती जोडलेली आहे. टेकड्यांतल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणायचे, उंच भिंतीत चढवायचे, तिथून ते पडते ठेवायचे आणि त्या जोरावर खालचे पात्यांचे चाक फिरवायचे. चाकाचा उभा कणा जात्याच्या वरच्या दगडाला फिरवतो आणि पीठ पडू लागते. एवढी सगळी स्थापत्यविद्या कशासाठी? तकियात उतरणाऱ्या फकिरांच्या, यात्रेकरूंच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी. हाताच्या जात्यावर बसणाऱ्या बाईला पहाटेचे कितीतरी तास घालावे लागतात. तेवढ्या वेळात इथे पाणी दळून देत होते. आपण ही वास्तू तंत्राचा चमत्कार म्हणून दाखवतो, पण रस्त्याच्या इतिहासात तिची जागा सराईच्या शेजारी आहे.

विसावे शतक उजाडताना मनमाड–सिकंदराबाद रेल्वे शहरातून धावू लागली आणि सरायांचे दिवस संपले. त्याच काळात फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपे भारतभर सायकलवर हिंडत होते. चौदा हजार मैलांच्या त्या प्रवासाचे त्यांचे पुस्तक १९०४ साली निघाले. त्यांच्यासारख्या गोऱ्या प्रवाशाची मदार सरकारी डाक बंगल्यावर आणि तिथल्या खानसाम्यावर असे. चाक नवे होते, मुक्काम मात्र जुन्याच मजलेचे.

इथे कोणी म्हणेल की सायकल हे काटकसरीचे वाहन आहे, तिने माणसाला चुलीपासून मोकळे केले. अर्धी गोष्ट खरी आहे. चालणाऱ्याला किलोमीटरमागे पन्नास-साठ किलोकॅलरी लागतात, मध्यम वेगाच्या सायकलस्वाराला वीस ते तीस. एकाच भाकरीवर तो दुप्पट लांब जातो. पण दिवसाचा हिशोब करू या. वीस किलोमीटर चालणारा हजार-बाराशे किलोकॅलरी खर्च करतो. संभाजीनगर ते अजिंठा लेणी हे शंभर किलोमीटर सायकलने कापणारा अडीच हजार. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साडेतीनशेच्या आसपास मिळतात, म्हणजे रोजच्या जेवणावर वाढीव सात भाकरी. मजल पाचपट झाली आणि भूक दुपटीवर गेली. शिवाय अंगातला ग्लायकोजेनचा साठा दोन हजारांच्या आसपास असतो. तो संपला की मांड्यांत ताकद असूनही पाय फिरत नाहीत. म्हणून सिल्लोडला पोटात पोहे-भजी आणि चहा गेला की नाही, यावर पुढचे तीस किलोमीटर अवलंबून असतात. उन्हाळ्यात वाटेवरची रसवंती त्याच कामाला येते: पाणी आणि साखर एकाच पेल्यात.

आता खिशात जेलच्या पुड्या आल्या, मग धाब्याची गरज काय, हाही प्रश्न विचारला जातो. एका पुडीत साधारण शंभर किलोकॅलरी असतात. वर काढलेल्या अडीच हजारांसाठी पंचवीस पुड्या लागतील, आणि त्या संपल्यावर पाणी लागेलच. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, यांच्या नियमात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास आणि सहाशेला चाळीस तास मिळतात, आणि घड्याळ जेवणासाठी थांबत नाही. म्हणून अनुभवी स्वार रस्ता आखताना चढाइतकाच धाब्यांचा विचार करतात. गरम डाळ-भात लवकर पुढ्यात येईल ती जागा त्यांना हॉटेलच्या थाटापेक्षा मोलाची वाटते. रात्रीच्या टप्प्यात पहाटेपर्यंत उघडी राहणारी चहाची टपरी शोधून ठेवणे हा तर तयारीचाच भाग असतो.

चौपदरी रस्ता गावाला वळसा घालून गेला की हे गणित पुन्हा नव्याने मांडावे लागते. एसटी स्टँडजवळची खानावळ आत राहते, नव्या रस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी धाबा उभा राहतो, आणि वर्ष-दोन वर्षांत स्वारांचे थांबे तिकडे सरकतात. अजिंठ्याच्या सराईची दखल पुरातत्त्व खात्याने घेतली आहे. तिच्यानंतर शंभर वर्षे याच वाटेवर कोणी किती वाजता चूल पेटवली, काय रांधले, कोणाला उधार वाढले, याची नोंद कुठल्याच दप्तरात सापडत नाही. फुलंब्री-सिल्लोडच्या हॉटेलवाल्यांच्या घरांतून ती अजून मिळू शकेल. त्यांतले जुने लोक आहेत तोवर ती घ्यायला हवी.