आधीं काय आणि मग काय?



पुरणपोळीचा बेत ठरला म्हणजे गृहिणी कागदावर टिपण करीत बसत नाहीं. पण टिपण तिच्या मनांत असतें. डाळ शिजल्यावांचून पुरण वाटतां येत नाहीं आणि पुरण झाल्यावांचून पोळी लाटतां येत नाहीं. कणीक मात्र डाळ चुलीवर असतांनाच तिंबून ठेवतां येते. कोणतें काम कोणत्या कामाच्या आधारावर उभें आहे आणि कोणतीं कामें एकमेकांची वाट न पाहतां होऊं शकतात, एवढें ज्याला उमगलें त्याला मोठें कार्य तडीस नेण्याचें निम्में शास्त्र आलें. आज संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचें काम आपण यंत्रबुद्धीच्या गुमास्त्यांकडे, म्हणजे ज्यांना 'एजंट' म्हणतात त्यांच्याकडे, सोंपवूं लागलों आहों, आणि हेंच शास्त्र त्यांनाही लागतें. तें कसें वाढत आलें याची हकीकत मी आज सांगणार आहें.

आरंभ आपल्या उपनगरांतूनच करूं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बेट विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होतें. पाऊस ओढला कीं लोकांचे हाल होत. हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें १८५६ सालीं साष्टींत विहार येथें मिठी नदी अडविण्याचें काम सुरू झालें आणि १८६० सालीं तेथलें पाणी नळांनीं शहरांत आलें. धरणाचे बांध आणि शहरापर्यंतची नळांची रांग हीं दोन कामें एकाच वेळीं चालूं शकत. परंतु बांध झाल्यावांचून तळें भरणार नाहीं, आणि बांध झाले तरी पावसाळा आल्यावांचून भरणार नाहीं, हा क्रम कोणाही इंजिनिअरला मोडतां येण्यासारखा नव्हता.

एवढें साधलें. पण हेतु केवळ पाण्याचा नव्हता, शहराच्या आरोग्याचाही होता. आलेलें पाणी वाहून नेणारीं भुयारी गटारें मात्र फार मागें राहिलीं. सांडपाणी जमिनींत मुरूं लागलें, ओल वाढली आणि सुधारणेनें एक नवेंच दुखणें आणलें. यादींतलीं कामें पार पडलीं. जें यादींत वेळेवर आलें नाहीं त्यानें घात केला.

या विचाराला गणिताचें रूप अमेरिकेंत मिळालें. १९५७ च्या सुमारास ड्यू पाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनीं एक रीत बसविली. प्रत्येक कामाला किती दिवस लागतात आणि तें कशावर अवलंबून आहे हें संगणकाला सांगावें, म्हणजे सर्वांत लांब साखळी कोणती तें तो दाखवितो. त्या साखळींत एक दिवस चुकला कीं सबंध कार्य एक दिवस लांबतें. इतरत्र थोडी सवड असते. १९५८ सालीं अमेरिकन आरमारानें पोलारिस क्षेपणास्त्रासाठीं अशीच पद्धत योजिली. विहारच्या शेजारची पवईची आय.आय.टी. हीही त्याच सालची, आणि १९७३ सालीं अंधेरीस सीप्झ वसलें. पुढें प्रोग्रॅम लिहिणें हा उपनगरांतील कितीएक घरांचा चरितार्थ झाला.

यंत्रानें स्वतःच योजना आंखावी हा प्रयत्नही जुना आहे. १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत अर्ल सॅसर्डोटी यांनीं एक घरगुती कोडें मांडलें. छताला रंग द्यावयाचा आहे आणि शिडीलाही. कामें दोन, दिसण्यांत स्वतंत्र. पण शिडी आधीं रंगविली तर ओल्या शिडीवर चढावयाचें कोणीं? त्यांचा प्रोग्रॅम प्रथम क्रम ठरवीतच नसे. दोन कामांत विरोध दिसला म्हणजेच आधीं कोण आणि मग कोण हें नेमी.

पुढील वर्षीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं 'मेक' नांवाचें साधन केलें. त्यांच्या एका सहकाऱ्यानें बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्यें चूक शोधण्यांत सबंध सकाळ घालविली होती; दुरुस्ती केली होती, पण दुरुस्त भाग पुन्हां तयार करून जोडावयाचा राहिला होता. 'मेक'चा नियम साधा: एक भाग बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सर्व भाग नव्यानें तयार करावे, बाकीच्यांना हात लावूं नये.

आजच्या एजंटाचें काम याच पायावर उभें आहे. समजा, मुलुंडच्या एखाद्या वाचनालयाला सभासदांनीं घरबसल्या पुस्तक राखून ठेवावें अशी सोय हवी आहे. एका एजंटानें सभासदांची नोंदवही करावी, दुसऱ्यानें पुस्तकांच्या मागणीचें पान. दोघे एकदम कामाला लागले, एकानें सभासदाचा क्रमांक नुसत्या आंकड्यांत ठेविला आणि दुसऱ्यानें त्यांत अक्षरें धरलीं, तर दोन्ही कामें आपापल्या जागीं निर्दोष असूनही जोड बसणार नाहीं. म्हणून नोंदीचें स्वरूप आधीं ठरवावें, मग कामें वांटावीं. प्रत्येक काम पुरें झालें हें कशावरून ओळखावयाचें तेंही आधींच लिहावें. आणि एकाची परीक्षा झाल्यावांचून त्यावर दुसरें रचूं नये.

इतकें केलें म्हणजे निश्चिंत व्हावें काय? नाहीं. सांगितलेल्या कामांचा क्रम यंत्र लावील, तपासील आणि न थकतां पुन्हां करील. न सांगितलेलें कामही तें कधीं सुचवील. परंतु सभासद वारला तर त्याची नोंद कोणीं काढावी, ज्या वृद्ध वाचकाजवळ फोन नाहीं त्यानें पुस्तक कसें मागावें, हे प्रश्न यादींत आले कीं नाहीं हें पाहण्याची जबाबदारी ज्याला वाचनालय ठाऊक आहे त्याचीच राहते. यंत्राचा वेग जितका अधिक, तितकी विसरलेली गोष्ट उशिरां आणि महाग पडून ध्यानांत येते.

विहारचें पाणी आजही मुंबईला मिळतें. तो नळ सोडतांना मनांत एवढाच प्रश्न ठेवावा: पाणी येईल हें ठरलें, पण तें जाईल कोठें? हा प्रश्न आरंभींच विचारणारा माणूस जवळ असेल तर एजंट कितीही असोत, कार्य सुखरूप पार पडेल.